मध्यरात्रीपर्यंतचा सराव आणि साडेपाचची एसटी

ज्युलियाँ फारो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘द विचेस ऑफ द ओरिएंट’ (२०२१) हा माहितीपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पुण्यात, रिलीजच्या आठवड्यात, रात्री एक वाजता, एकट्यानं. दुसऱ्यांदा दिवाळीत मैंदर्गीला, अक्काबरोबर. अक्का म्हणजे माझी मावसबहीण. ती जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात तीन वर्षं लिबेरो होती. पहिल्यांदा पाहून मी या सिनेमावर जे लिहिलं होतं, ते दुसऱ्यांदा पाहिल्यावर जवळजवळ सगळं खोडलं.

आधी गोष्ट सांगतो. ओसाकाजवळच्या काइझुकामध्ये निचिबो नावाच्या कापड कंपनीची गिरणी होती. तिथे काम करणाऱ्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ होता आणि दाइमात्सु हिरोबुमी हे त्याचे प्रशिक्षक. दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या मोहिमेतून जिवंत परतलेला हा माणूस. जपानी वर्तमानपत्रांनी त्याला ‘राक्षस’ म्हटलं. मुली दिवसभर काम करायच्या, दुपारनंतर सराव सुरू व्हायचा आणि तो मध्यरात्रीपर्यंत, कधी त्याही पुढे चालायचा. १९६२ साली मॉस्कोत त्यांनी सोव्हिएत संघाला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच आला, तेव्हा जपानच्या १२ खेळाडूंपैकी १० जणी याच गिरणीच्या होत्या. २३ ऑक्टोबरला त्यांनी पुन्हा सोव्हिएत संघाला हरवलं: १५-११, १५-८, १५-१३. सलग २५८ सामने जिंकण्याचा त्यांचा विक्रम सांगितला जातो.

मी पहिल्यांदा पाहिलं ते हे सगळं. ऑफिसात रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या माणसाला अशी गोष्ट फार गोड लागते. आपल्या थकण्यालाही काही अर्थ आहे, असं वाटायला लागतं. फारोंची मांडणीही त्याला साथ देते. जुनं चित्रण, त्यावर इलेक्ट्रॉनिक संगीत, एकामागून एक येणारे चेंडू, पडणाऱ्या आणि उठणाऱ्या मुली. सरावाच्या काही तुकड्यांचा मूळ स्रोत शिबुया नोबुको या दिग्दर्शिकेचा लघुपट आहे. त्याला १९६४ साली कान महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. ती दृश्यं आजही अंगावर येतात. मी माझ्या लेखाला नाव दिलं होतं ‘जिद्दीचं व्याकरण’. आता ते आठवलं तरी लाज वाटते.

अक्कानं लॅपटॉप पहिल्यांदा थांबवला तो या संघाच्या प्रसिद्ध ‘लोळण रिसीव्ह’वर. चेंडूखाली झेप घ्यायची, खांद्यावरून गोल फिरायचं आणि त्याच झटक्यात उभं राहायचं. ढकलली तरी उठून बसणाऱ्या दारुमा बाहुलीवरून दाइमात्सुंना हे सुचलं, असं सांगतात. अक्कानं तीनदा मागे घेऊन पाहिलं. मग म्हणाली, “लाकडी फ्लोअर आहे बघ. आमच्यात मुरूम. असं लोळलं की कोपराची सालच निघायची.” आणखी थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की यांच्यात लिबेरो नाही. बरोबरच, लिबेरोची जागा १९९०च्या दशकाच्या शेवटी आली. “म्हणजे सगळ्यांनीच उचलायचं,” ती म्हणाली, “म्हणून सगळ्याच लोळायलेत.” मी या दृश्यात जिद्द पाहिली होती, तिनं नियम आणि जमीन पाहिली.

दुसऱ्यांदा तिनं थांबवलं ते एका प्रश्नासाठी. “रात्री बाराला सराव संपल्यावर या घरी कशा जायच्या?”

मी म्हटलं, कंपनीचं वसतिगृह होतं, तिथेच राहायच्या.

“आणि पगार चालू?”

चालू.

“मग काय!” ती म्हणाली.

अक्काच्या संघाचं गणित वेगळं होतं. तास संपायचे साडेतीनला. नेट बांधायला, चेंडूत हवा भरायला पंधरा-वीस मिनिटं. मैंदर्गीकडे येणारी साडेपाचची एसटी चुकली तर पुढची अंधारात, आणि अंधारात उतरलं की घरात चौकशी. संघातल्या चौघी अशा एसटीच्या. म्हणजे सहा जणींचा पूर्ण संघ कोर्टवर जेमतेम तासभर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोर वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचा संघ आला की तिसऱ्या सेटमध्ये फरक दिसायचा. “आमी कमी पडलो असं सर म्हणायचे,” अक्का म्हणाली, “कमी काय पडलो? आमचा वेळच कमी होता.”

इथून सिनेमा मला वेगळा दिसायला लागला. फारोंचा सगळ्यात चांगला निर्णय असा की त्यांनी गोष्ट खेळाडूंच्या तोंडून सांगितली. दाइमात्सु १९७८ सालीच वारले. आता सत्तरी-ऐंशीतल्या या बायका जेवायला एकत्र बसतात, टोपणनावांवरून हसतात आणि आम्ही कुणाच्या धाकानं नाही, आपल्या मर्जीनं खेळत होतो, हे शांतपणे सांगतात. आपल्याकडच्या ‘चक दे! इंडिया’ किंवा ‘दंगल’मध्ये मुली खेळतात, पण गोष्ट असते प्रशिक्षकाच्या कलंकाची नाहीतर बापाच्या स्वप्नाची. इथे प्रशिक्षक आठवणीपुरता उरतो. ‘राक्षस आणि बिचाऱ्या पोरी’ ही साठ वर्षांची दंतकथा या जेवणाच्या टेबलावर मोडते.

पण ती मोडताना फारो दुसरी एक दंतकथा उभी करतात. या संघाच्या यशानंतर, १९६८ साली, उरानो चिकाको यांची ‘अटॅक नंबर वन’ ही मांगा सुरू झाली आणि पाठोपाठ तिची कार्टून मालिका आली. फारो खऱ्या सामन्यांच्या चित्रणात या मालिकेचे तुकडे मिसळतात. ऑलिंपिकचा अंतिम सामना तर अर्धा खरा, अर्धा कार्टून असा चालतो. पाहायला झकास आहे. पण त्या मालिकेची नायिका शाळकरी मुलगी आहे. तिला हजेरीपट नाही, पाळी नाही, पगार नाही. तिच्याकडे आहे ती फक्त इच्छाशक्ती. मांगानं गिरणी पुसली आणि गिरणीकामगार मुलींची शाळकरी पोरगी केली. हे फारोंना दिसायला हवं होतं. ते उलट त्याच चित्रांनी सामना सजवतात. सिनेमातले माग मग ठेक्यापुरते उरतात. त्या मागांनी या मुलींना छप्पर, जेवण, मैदान आणि रोजचे सात-आठ तास दिले, ही गोष्ट मागे राहते.

गिरणी दयाळू होती, असं मला म्हणायचं नाही. तिनं किंमतही वसूल केली. कर्णधार कासाई मासाए ऑलिंपिकच्या वेळी ३१ वर्षांच्या होत्या. लग्न पुढे ढकलून खेळलेल्या. सरावात कुणाला भेटायची सवडच मिळाली नाही, असं त्यांनी नंतर पंतप्रधान सातो यांना सांगितलं आणि खुद्द पंतप्रधानांनी त्यांचं लग्न जुळवलं. हे ऐकून अक्का पोट धरून हसली. तिचं लग्न जुळवायला पंतप्रधान लागले नाहीत. शेवटच्या वर्षाचा निकाल यायच्या आधीच ठरलं होतं.

आपल्याकडे निचिबोसारखं काही आहे का? आहे, तिचं नाव रेल्वे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं रेल्वे आणि केरळ हेच संघ वरचढ दिसतात. रेल्वे नोकरी देते, नोकरी सरावाला वेळ देते. मैंदर्गीला जवळचं स्टेशन दुधनी, विभागाचं मुख्यालय सोलापूर. पण त्या नोकरीपर्यंत पोचायला आधी राज्याच्या संघापर्यंत पोचावं लागतं, आणि तिथवरचा रस्ता साडेपाचच्या एसटीतून जातो. सोलापूरसुद्धा गिरण्यांचंच शहर होतं. त्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. २०१९ची प्रो व्हॉलीबॉल लीग आणि २०२२ पासूनची प्राइम व्हॉलीबॉल लीग, दोन्ही पुरुषांच्या. भारताचा महिला संघ ऑलिंपिकला कधी का गेला नाही, याचं उत्तर जिद्दीत शोधणाऱ्यांनी आधी हे वेळापत्रक बघावं.

सिनेमा पाहाच. त्या बायकांचं बोलणं ऐकण्यासाठी पाहा, लोळण रिसीव्हसाठी पाहा. फक्त संगीत चढत जाईल आणि आपणही उद्यापासून असंच मरेस्तोवर काम करावं असं वाटू लागेल, तेव्हा जरा थांबवा. मी तिथेच फसलो होतो.

त्या रात्री अक्कानं लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो काढून जुन्या संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला: ऑलिंपिक विजेता संघ, रांगेत उभा. खाली दोन-तीन जणींचे टाळ्यांचे इमोजी आले. मग एकीनं लिहिलं, “यांची गाडी कितीची होती गं?”