‘हाकाई’ आणि ‘गो’ : वडिलांची आज्ञा व अल्पसंख्याकांची ओळख

प्रास्ताविक

जपान हे एकाच वंशाचे व एकाच संस्कृतीचे राष्ट्र आहे, ही समजूत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दृढ झाली. आयनू, ओकिनावाचे रहिवासी, बुराकु समाज आणि कोरियन वंशाचे ‘झाइनिची’ यांचे अस्तित्व या समजुतीला छेद देते. यांपैकी बुराकु व झाइनिची समाज दिसण्यात वा भाषेत बहुसंख्याकांहून सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. त्यामुळे त्यांची ओळख कागदावरील नोंदीतून आणि कुटुंबातून निश्चित होते. शिमाझाकी तोसोन यांची ‘हाकाई’ (१९०६) आणि कानेशिरो काझुकी यांची ‘गो’ (२०००) या दोन कादंबऱ्यांच्या आधारे या प्रक्रियेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लपविण्याची आज्ञा

१८७१ च्या शासकीय आदेशाने बुराकु समाजाचा हीन दर्जा कायद्याने संपुष्टात आला. तथापि १८७२ च्या कुटुंबनोंदणीत, म्हणजे ‘कोसेकी’त, पूर्वीच्या दर्जाच्या खुणा काही ठिकाणी राहून गेल्या. ही नोंदवही पाहण्यास १९६८ मध्ये मज्जाव झाला. मात्र बुराकु वस्त्यांच्या याद्या कंपन्यांना गुप्तपणे विकल्या जात असल्याचे १९७५ मध्ये उघड झाले. नोकरी व विवाह या दोन्ही प्रसंगी घराण्याची चौकशी होत राहिली.

‘हाकाई’चा नायक उशिमात्सु हा शिनशू प्रांतातील शाळाशिक्षक आहे. आपले मूळ कोणालाही सांगू नये, अशी वडिलांची आज्ञा आहे. कादंबरीच्या नावाचा अर्थच या आज्ञेचा भंग असा होतो. मुलाचे मूळ झाकले राहावे म्हणून वडील स्वतः डोंगरात गुरे राखत एकांतवास पत्करतात. येथे पितृप्रेम आणि मौन एकरूप झाले आहे. म्हणून सत्य सांगणे हे नायकाला पितृद्रोहासारखे वाटते. स्वतःचे मूळ न लपविणारा लेखक रेन्तारो मारला गेल्यावर उशिमात्सु आज्ञा मोडतो. पण विद्यार्थ्यांपुढे जमिनीवर गुडघे टेकून क्षमा मागतो आणि टेक्ससला जाण्याचा मार्ग धरतो.

कादंबरीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. ज्याच्यावर अन्याय झाला तोच अपराध्यासारखा वाकतो आणि अन्याय करणारा समाज होता तसाच राहतो. लेखकाची सहानुभूती निःसंशय असली, तरी कबुलीजबाब आणि क्षमायाचना यांतील भेद त्याने राखलेला नाही. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सुइहेइशा’ या संघटनेने स्वतःच्या ओळखीचा अभिमान जाहीरपणे व्यक्त केला. त्या पार्श्वभूमीवर ही त्रुटी अधिकच जाणवते.

वर्तुळ मोडण्याची शिकवण

कोरिया १९१० मध्ये जपानच्या साम्राज्यात सामील करण्यात आला. १९५२ मध्ये शांतता करार अमलात येताच जपानमधील कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व गेले. जन्माने, भाषेने जपानी असलेली त्यांची मुलेही कायद्याने परकी ठरली. ‘गो’चा नायक सुगिहारा हा अशाच कुटुंबातील आहे. हवाईला जाता यावे म्हणून त्याचे वडील ‘चोसेन’ ही नोंद बदलून दक्षिण कोरियाचे नागरिकत्व घेतात. एका सहलीसाठी राष्ट्रीयत्व बदलते, या विनोदी घटनेतून ओळखीचे कागदी स्वरूप उघडे पडते.

हे वडील पूर्वीचे मुष्टियोद्धे आहेत. हात लांब करून स्वतःभोवती फिरल्यास जे वर्तुळ तयार होते, त्याच्या आत सुरक्षित राहता येते. मुष्टियुद्ध म्हणजे ते वर्तुळ भेदणे, असे ते मुलाला शिकवतात. उशिमात्सुच्या वडिलांची आज्ञा याच्या नेमकी उलट आहे. सुगिहाराही प्रेयसी साकुराईपासून मूळ लपवतो. परंतु ते सांगितल्यावर ती मागे हटते, तेव्हा तो क्षमा मागत नाही. त्याला नाव देण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला, असा त्याचा संतप्त प्रश्न आहे. उत्तर देण्याची जबाबदारी अशा रीतीने बहुसंख्याकांवर येते. मराठी वाचकाला येथे बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

तरीही ‘गो’ निर्दोष नाही. कायद्याने निर्माण केलेला प्रश्न ती प्रामुख्याने एका तरुणाच्या बाहुबळावर आणि प्रेमावर सोपवते. शिवाय दोन्ही कादंबऱ्यांत वारसा पित्याकडून पुत्राकडे जातो. आईचा अनुभव दुय्यम राहतो.

समारोप

२०१६ मध्ये बुराकु भेदभावाच्या निर्मूलनासाठी कायदा झाला आणि २०१९ च्या कायद्याने आयनूंना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली. कायदा नोंद बदलू शकतो. घरात मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न मात्र पालकांपुढे उरतोच. ‘हाकाई’तील पित्याने मुलाला वाचविण्यासाठी मौन दिले आणि त्याच मौनाने मुलाला अपराधी केले. ‘गो’तील पिता मुलाला सुरक्षितता देत नाही, परंतु मान खाली घालण्याचे कारण नाही, एवढे तो निश्चित शिकवतो. या दोन कृतींतील अंतर शंभर वर्षांच्या सामाजिक बदलाचे मोजमाप म्हणून वाचता येते.