‘वरदा’ हें नांव आणि वर्धा नदी

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस वर्धा नदीची सीमा आहे. तिच्या कांठच्या एका घरीं मुलीचें नांव ‘वरदा’ ठेवावयाचें ठरलें, तेव्हां दोन आक्षेप निघाले व ते निर्णयासाठीं मजकडे आले. पहिला असा कीं, नदीचें मूळ नांव ‘वर्धा’ असून ‘वरदा’ हें पंडितांनीं मागाहून बनविलेलें रूप होय. दुसरा असा कीं, नदीच्या नांवाची मुलगी मनूनें विवाहास वर्ज्य सांगितली आहे. असे आक्षेप इतरत्रहि ऐकूं येतात, म्हणून त्यांचा येथें परामर्श घेतों.

पहिला आक्षेप टिकत नाहीं. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत अग्निमित्र विदर्भाचें राज्य यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांत वांटून देतो. त्या वांटणीची सीमा ‘वरदा’ नदी आहे. महाभारताच्या वनपर्वांतहि वरदासंगमीं स्नान केल्याचें फळ सांगितलें आहे. तेव्हां ‘वरदा’ हेंच रूप जुनें. त्यांतील मधला अकार लोपून ‘वर्दा’ होणें मराठीच्या वळणास धरून आहे. दकाराचा धकार मात्र ‘वर्धन’, ‘वर्धिष्णु’ अशा परिचित शब्दांच्या सादृश्यानें आला असावा, असें माझें मत आहे. म्हणून हें नांव वृध् धातूपासून काढणें म्हणजे अपभ्रंशास मूळ मानणें होय. वर देते ती वरदा, हाच सरळ विग्रह.

दुसऱ्या आक्षेपांतील वचन मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत आहे खरें. पण तो निषेध वधूच्या निवडीचा, नामकरणाचा नव्हे. शिवाय तेथें नक्षत्र, वृक्ष, पर्वत व पक्षी यांचीं नांवेंहि वर्ज्य आहेत. तें वचन पाळलें गेलें असतें तर रोहिणी, रेवती, मैना, गोदा, यमुना हीं नांवें महाराष्ट्रांत उरलींच नसतीं. सवाई माधवराव पेशव्यांच्या (जन्म १७७४) मातोश्रींचें नांव गंगाबाई होतें. ज्या घराण्याच्या पदरीं शास्त्रीपंडित होते, तेथेंहि तें चाललें. नामकरणाचा नियम मनूनें दुसऱ्या अध्यायांत दिला आहे: स्त्रीचें नांव सुखानें उच्चारतां येणारें, स्पष्टार्थक, मंगल, दीर्घस्वरान्त व आशीर्वादवाचक असावें. यांपैकीं कोणतें लक्षण ‘वरदा’ या नांवांत उणें आहे?

तथापि नदीच्या अभिमान्यांनींहि अतिरेक करूं नये. ‘वरदा’ हें देवीचें विशेषण सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि कर्नाटकांत तुंगभद्रेस मिळणारी दुसरी वरदा नदी आहे. यास्तव या नांवाची प्रत्येक मुलगी आमच्या नदीवरून नांव पावली असें म्हणतां येणार नाहीं. तें नांव ठेवणारांच्या मनावर अवलंबून. मात्र शास्त्राची अगर इतिहासाची हरकत मुळींच नाहीं, असें मीं त्या गृहस्थांस कळविलें आहे.