पूर्व खानदेशचे अपक्ष : नौशीर भरूचा आणि मतनोंदीचा प्रश्न

खासदाराचे राजकीय मत कशावरून ओळखावे? त्याने सभागृहात कोणत्या बाजूने मत दिले त्यावरून, असे आपण सहज म्हणतो. खानदेशातले १९५७चे उदाहरण तपासले की हे उत्तर तोकडे पडते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव लक्ष्मण पाटील आणि पूर्व खानदेशातून नौशीर भरूचा लोकसभेत गेले. भरूचा मुंबईचे, पारशी आणि अपक्ष. मुंबई कोणाची, हा वाद पेटलेला असताना कापूस-केळीच्या मुलखाने गुजराती बोलणाऱ्या समाजातला माणूस दिल्लीला धाडला, ही गोष्ट आज आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

अपक्षाला पक्षादेश नसतो. म्हणून त्याचे मत त्याचे स्वतःचे मानता येते. पण ते नोंदले गेले असेल तरच! लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. मतविभाजन मागितले तरच नावानिशी नोंद उरते. मतनोंदणीचे यंत्र १९५७मध्येच बसले, तरी प्रत्येक ठरावाला ते वापरले जात नाही. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, तिथे मोजणी अटळ. राज्याची फेररचना मात्र घटनेच्या कलम ३ आणि ४ नुसार साध्या बहुमताने होते. म्हणजे ज्या प्रश्नावर हे दोघे निवडून आले, त्या १९६०च्या मुंबई पुनर्रचना कायद्याला नावनिशीवार मोजणीची सक्तीच नव्हती. त्याच कायद्याने पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली.

मग भाषणे, प्रश्न, दुरुस्त्या वाचाव्यात का? जरूर. पण भाषणाला किंमत मोजावी लागत नाही, हेही ध्यानात असावे. दुरुस्ती मांडणे, ती मागे न घेणे आणि हरणार हे ठाऊक असूनही मतविभाजन मागणे, ही मागच्या बाकावरच्या सदस्याची खरी कसोटी.

१९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर पक्षाच्या सदस्यापुरती ही कसोटीही अवघड झाली. पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्वच जाऊ शकते. तेव्हा आजच्या खासदाराची मतनोंद हाती आली, तर ती पक्षाची म्हणून वाचावी. त्याचे स्वतःचे मत शोधायचे, तर मतविभाजन कोणी मागितले आणि त्या वेळी आपला माणूस सभागृहात होता का, इथून सुरुवात करावी. सीमेपलीकडे गेलेल्या त्या गावांनाही निदान एवढे विचारण्याचा हक्क होता.