रॉजर्स, स्टॅन
(२९ नोव्हेंबर १९४९ – २ जून १९८३). कॅनेडियन लोकशैलीचा गीतकार, चालकार व गायक. संपूर्ण नाव स्टॅन्ली ॲलिसन रॉजर्स. जन्म ऑंटॅरिओ प्रांतातील हॅमिल्टन येथे. आईवडील मूळचे अटलांटिक किनाऱ्यावरील नोव्हास्कोशा प्रांताचे. रोजगाराच्या शोधात ते ऑंटॅरिओत येऊन स्थायिक झाले. वडील गवंडीकाम करीत. स्टॅनचे बालपण हॅमिल्टननजीकच्या ग्रामीण भागात गेले. उन्हाळ्याच्या सुट्या मात्र आजोळी, गाइझबरो परगण्यातील मच्छीमारांच्या वस्तीत जात. पाच वर्षांचा असताना मामाने हाताने घडवून दिलेली छोटी गिटार हे त्याचे पहिले वाद्य होय. विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून तो कॉफीगृहांतून गाऊ लागला. १९७०-७१ मध्ये आरसीए या मोठ्या कंपनीने त्याच्या दोन छोट्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या हलक्याफुलक्या गीतांत पुढील रॉजर्सचा मागमूसही नाही.

त्याच्या कवित्वाला वळण लागले ते आजोळच्या प्रदेशाकडे त्याचे लक्ष वेधले गेल्यावर. आजोळच्या लोकांविषयी त्याने लिहावे, असे त्याच्या एका आप्त स्त्रीने सुचविले आणि त्यातून ‘फॉगर्टीज कोव्ह’ (म. शी. फॉगर्टीची खाडी) हे गीत जन्मले. याच नावाची त्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये निघाली. तिच्यासाठी भांडवल उभे केले ते कंपनीने नव्हे, तर विनिपेग लोकसंगीत महोत्सवाचा संस्थापक मिच पोडोलॅक याने. त्यानंतर रॉजर्सने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली व तिलाही फॉगर्टीच्या खाडीचेच नाव दिले. संस्थेचा कारभार घरातूनच चाले. आई व पत्नी यांचा त्यात मोठा वाटा होता. टर्नअराउंड (१९७८), बिट्वीन द ब्रेक्स... लाइव्ह ! (१९७९) आणि नॉर्थवेस्ट पॅसेज (१९८१) या त्यानंतरच्या प्रमुख ध्वनिमुद्रिका. त्या मुख्यत्वे मैफलीच्या ठिकाणी आणि टपालाने विकल्या जात. कॅनडातील नभोवाणी केंद्रांवर ठराविक प्रमाणात स्वदेशी संगीत वाजविणे १९७१ पासून बंधनकारक झाले होते. परंतु व्यापारी केंद्रांनी या नियमाचा लाभ बहुधा सुगम व रॉक संगीताला दिला. रॉजर्सच्या वाट्याला आली ती सार्वजनिक नभोवाणी, महोत्सव आणि लहान सभागृहे. या मार्गाने प्रपंच चालविणे कष्टाचे होते, वर्षाचे कित्येक महिने प्रवासात जात. मात्र कोणत्या विषयावर लिहावे, गीत किती लांब असावे, वाद्ये घ्यावीत की नाही, हे सांगणारा कोणी वर नव्हता. साथीला एकही वाद्य नसलेली त्याची दोन सर्वांत प्रसिद्ध गीते बाजारपेठेचा कल पाहणाऱ्या कंपनीने छापली असती, असे वाटत नाही.

यांतील पहिले ‘बॅरेट्स प्रायव्हटिअर्स’. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात शत्रूची व्यापारी जहाजे लुटण्याचे सरकारी परवाने ब्रिटिश वसाहतींतील नाखव्यांना मिळत. अशा एका गळक्या तारवावर लुटीच्या आशेने चढलेला आणि अपंग होऊन परतलेला तरुण १७७८ मधील त्या सफरीची कथा सांगतो. कथा सर्वस्वी काल्पनिक आहे. खलाशांच्या श्रमगीतांप्रमाणे एकाने ओळ म्हणावी व इतरांनी ध्रुपद उचलावे, अशी तिची रचना असून पोवाड्यातील झीलकऱ्यांची आठवण मराठी वाचकाला व्हावी. फरक इतकाच, की पोवाडा पराक्रम गातो. हे गीत फसवणुकीचे आहे आणि त्याचे उसने अवसान ध्रुपदागणिक अधिक कडवट होत जाते. मद्यगृहांत ते आनंदाने, बाके वाजवून गाइले जाते, ही त्यातील एक विसंगती. दुसरी अशी, की असंख्य लोक त्यास दोन शतकांपूर्वीचे पारंपरिक गीत समजतात. लोकशैलीत लिहिणाऱ्या कवीला याहून मोठी पावती नाही. पण निनावी ठरलेल्या गीताचे स्वामित्वधन कवीच्या घरी पोहोचत नाही, हेही तितकेच खरे.

रॉजर्सवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप त्याच्या अधिकाराविषयी आहे. ऑंटॅरिओत वाढलेल्या, मासेमारीवर कधीच न जगलेल्या माणसाने कोळ्यांच्या तोंडून बोलावे काय ? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सुटीवर आलेल्या मुलाच्या दृष्टीला दिसलेला किनारा क्वचित डोकावतो. परंतु ज्या समाजाची अर्धी तरुण पिढी पोटासाठी परप्रांती गेली आहे, त्या समाजाचे गाणे परप्रांतात जन्मलेल्या मुलाने लिहावे, यात वास्तवाशी विसंगत असे काही नाही. ‘वॉचिंग द ॲपल्स ग्रो’ मधील निवेदक ऑंटॅरिओत अडकून पडलेला नोव्हास्कोशियनच आहे. ‘मेक अँड ब्रेक हार्बर’ मध्ये जुन्या एकसिलिंडरी इंजिनाच्या होड्या व ओस पडत चाललेले बंदर आहे. ‘फिंचेस कंप्लेंट’ मध्ये मासळी प्रक्रियेचा कारखाना बंद पडल्याने उठलेला संसार आहे. कॅनडा सरकारने उत्तर अटलांटिकमधील कॉड मासेमारी १९९२ मध्ये बंद केली आणि हजारोंचा रोजगार गेला, त्याच्या सोळा वर्षे आधीची ही गीते आहेत. त्यांत भाकीत नाही. नजरेसमोर चाललेली झीज तेवढी टिपलेली आहे.

नॉर्थवेस्ट पॅसेज मध्ये तो पश्चिमेकडे वळला. ‘द फील्ड बिहाइंड द प्लाउ’ हे त्याचे बहुधा सर्वांत सकस गीत. पावसाची वाट पाहत, कर्जाचा हिशोब मनात घोळवीत ट्रॅक्टर हाकणाऱ्या प्रेअरी प्रदेशातील शेतकऱ्याची एक दुपार, एवढाच त्याचा ऐवज. घटना घडत नाही, उपदेश नाही; चाल नांगराच्या तासासारखी पुन्हापुन्हा वळून येते. ‘द इडियट’ मध्ये पूर्वेकडून अल्बर्टातील तेलशुद्धीकरण कारखान्यात आलेला कामगार आहे. शीर्षकगीतात मोटारीने प्रेअरी ओलांडणारा आधुनिक प्रवासी, वायव्य सागरी मार्ग शोधताना १८४५ च्या मोहिमेत नाहीसा झालेला जॉन फ्रँक्लिन व इतर संशोधक यांच्याशी स्वतःची तुलना करतो. चार-पाच पुरुषी आवाजांचा स्वरमेळ आणि त्याखाली रॉजर्सचा भारदस्त खर्ज यांमुळे या गीताला प्रार्थनेचे गांभीर्य येते. त्याला अनधिकृत राष्ट्रगीत म्हणण्याचा प्रघात आहे. त्यातील भूमी मात्र जवळजवळ निर्मनुष्य आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इन्युइट व इतर मूळ रहिवाशांना गीतात स्थान नाही. फ्रँक्लिनची जहाजे २०१४ व २०१६ मध्ये सापडली, तेव्हा इन्युइटांच्या मौखिक परंपरेचा त्या शोधात वाटा होता. त्यामुळे ही उणीव आज अधिक जाणवते. स्त्रियांचे चित्रणही त्याच्याकडे मोजकेच. आरशात स्वतःच्या सुरकुत्या न्याहाळणाऱ्या शेतकरणीचे ‘लाइज’ हे त्यातील ठळक अपवाद.

संगीतरचनेत त्याचा भाऊ गार्नेट (व्हायोलिन, बासरी, गिटार) व निर्माता पॉल मिल्स यांचे साहाय्य मोलाचे. रॉजर्सचा स्वर पल्लेदार व ठोस; शब्दोच्चार इतके स्वच्छ, की मोठ्या सभागृहातही कथेचा धागा तुटत नसे. कधीकधी हेच सामर्थ्य आड येते : नाजूक प्रेमगीतेही भाषणाच्या थाटात उमटतात.

‘द मेरी एलन कार्टर’ (१९७९) हे बुडालेले जहाज मालकांनी टाकून दिल्यावर खलाशी ते वर काढण्यास झटतात, या विषयावरील गीत. फेब्रुवारी १९८३ मध्ये मरीन इलेक्ट्रिक हे अमेरिकन कोळसावाहू जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापलीकडे बुडाले. ३४ पैकी ३१ जण दगावले. वाचलेल्या तिघांपैकी एका अधिकाऱ्याने, गोठविणाऱ्या पाण्यात आपण हे ध्रुपद ओरडत तग धरला, असे रॉजर्सला कळविले. त्यानंतर काही महिन्यांतच, टेक्ससमधील कर्व्हिल लोकसंगीत महोत्सवाहून परतताना, एअर कॅनडाच्या विमानास आग लागली. विमान सिनसिनाटीच्या विमानतळावर उतरले. दारे उघडल्यावर सु. दीड मिनिटात आतील भाग भडकला आणि ४६ पैकी २३ जणांचा अंत झाला. त्यांत तेहेतीस वर्षांचा रॉजर्स होता. प्रवासी विमानांत धूरसूचक यंत्रणा व जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे सक्तीचे होण्यास या अपघाताची चौकशी कारणीभूत झाली.

पंचमहासरोवरांच्या प्रदेशावरील गीतमाला त्याने तत्पूर्वी ध्वनिमुद्रित केली होती. ती फ्रॉम फ्रेश वॉटर या नावाने १९८४ मध्ये निघाली. जपानी बाजारपेठेसाठी चिमुकली मासळी पकडावी लागणाऱ्या ईअरी सरोवरातील कोळ्यांचे गीत तिच्यात आहे. आजोळच्या परिसरातील कॅन्सो येथे १९९७ पासून त्याच्या नावाने लोकसंगीत महोत्सव भरू लागला.