मुदत नसलेली हुंडी

गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पण वीस वर्षं बँकेत काढल्यामुळे जुन्या पासबुकाला नवं कव्हर घातलेलं असलं तर चटकन ओळखू येतं. परवा ‘व्हेरा लिन १००’ ही तबकडी ऐकताना तसंच झालं.

या इंग्लंडच्या गायिका. २०१७ साली त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त ही तबकडी निघाली. आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांतला, वाद्यवृंद मात्र नवा कोरा, शिवाय काही गाण्यांत जोडीला आजचे गायक. त्याआधी २००९ मध्ये, बाई ब्याण्णव वर्षांच्या असताना, त्यांच्या जुन्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये विक्रीत पहिला आला होता. आमच्याकडे साठीनंतर माणसाला काउंटरसुद्धा देत नाहीत!

नव्या तबकडीत साथ इतकी भरजरी, की नवरीपेक्षा करवलीच जास्त मिरवते आहे असं वाटतं. बाईंच्या गळ्यात ताना नाहीत, हरकती नाहीत. शब्द स्वच्छ, सूर सरळ. एवढ्याशा भांडवलावर त्यांनी ‘वुई’ल मीट अगेन’ गायलं. १९३९ च्या तबकडीत साथीला नोवाकॉर्ड, म्हणजे विजेवर चालणारी पेटी म्हणा ना. तेवढी पुरली.

युद्धकाळात बीबीसीतल्या काही साहेबांना धास्ती होती, की असल्या हळव्या गाण्यांनी सैनिक मऊ पडतील. १९४४ साली बाई थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर चौदाव्या सैन्यापुढे गायला गेल्या. उकाडा, डास, ट्रकवर लादलेला पियानो. हे सैन्य स्वतःला ‘विसरलेलं सैन्य’ म्हणवून घेई. त्यात बहुसंख्य आपलेच लोक. मराठा पलटणीही होत्या.

त्यातल्याच एका पलटणीत आमचे आजोबा. त्यांनी बाईंना ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी इंग्रजी कळलं नसतं. इकडे गावी आजी वाट पाहत होती. पुन्हा भेटू, एवढंच तिला सांगून ते निघाले होते. कधी, ते सरकारलाही माहीत नव्हतं. कधी वटेल याचा नेम नसलेली हुंडी आमची बँक घेणार नाही. आजीनं मात्र ती चार वर्षं जपून ठेवली. १९४६ साली आजोबा दारात उभे राहिले, तेव्हा ती म्हणे आधी पाणी तापवायला गेली.

म्हणून मला नवी तबकडी पटत नाही. जायला निघालेला माणूस दारात उभा राहून दोन शब्द बोलतो, त्याच्यामागे चाळीस व्हायोलिनं कशाला?

मी जुनी तबकडी पुन्हा लावली. खरखर आहे थोडी. असू दे.