ज्युरीला बोलावता कशाला?

चित्रपट महोत्सवांवरचा भाग रेकॉर्ड करताना एक प्रश्न राहून गेला. चार-पाच अनोळखी माणसं बंद खोलीत बसून काहीतरी ठरवतात, त्याचं एवढं कौतुक का करायचं? प्रश्न रास्त आहे. सिनेमाच्या पोस्टरवर त्या दोन डहाळ्यांच्या कमानीत महोत्सवाचं नाव दिसलं की आपण खूश होतो. पण पारितोषिक कुणी दिलं आणि का दिलं, हे विचारायला कुणी जात नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नाही. इथे बर्लिनमध्ये दर फेब्रुवारीत थंडीत तिकिटांसाठी धडपडायचं, शेवटच्या रात्री अस्वलं कुणाला मिळाली ते बघायचं आणि झोपायचं, एवढंच.

डोक्यात किडा वळवळला तो गोव्यामुळे. २८ नोव्हेंबर २०२२, इफ्फीचा समारोप. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ज्युरीचे अध्यक्ष नादाव लापिद मंचावर म्हणाले की पंधरापैकी चौदा सिनेमांवर चर्चा करता आली, पण 'द कश्मीर फाइल्स' पाहून आम्ही हादरलो. तो प्रचारपट आहे, असभ्य आहे आणि अशा प्रतिष्ठेच्या महोत्सवात तो स्पर्धेत शोभत नाही. पुढचं सगळ्यांना आठवत असेल. इस्रायलच्या राजदूतांनी खुलं पत्र लिहून आपल्याच देशाच्या दिग्दर्शकाला झापलं. ज्युरीतले भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी हे लापिद यांचं वैयक्तिक मत असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांनी उरलेल्या तिघांनी निवेदन काढलं, की आम्ही लापिद यांच्या बाजूनं आहोत आणि ही राजकीय नाही, कलाविषयक भूमिका आहे. या गदारोळात सुवर्णमयूर कुणाला मिळाला हे कुणाच्या लक्षात राहिलं? कोस्टा रिकाच्या व्हालेंतिना मोरेल यांच्या 'आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स'ला. बापलेकीच्या नात्यावरचा सिनेमा, पण त्यावर बोलायला कुणाला सवडच झाली नाही.

लापिद बरोबर की चूक, यावर घराघरात भांडणं झाली. माझ्याही झाली. पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. लापिद यांच्या 'अहेद्स नी' या सिनेमाला २०२१ मध्ये कानला ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. त्याचं कथानक काय? एक दिग्दर्शक आडगावच्या वाचनालयात आपला सिनेमा दाखवायला जातो आणि त्याच्यापुढे सरकारी फॉर्म येतो. कुठल्या विषयांवर बोलणार ते त्यावर सही करून द्यायचं. त्या फॉर्मवर तो अख्खा सिनेमा उभा आहे. असा माणूस तुम्ही अध्यक्ष म्हणून बोलावता आणि तो मोजकं, गोड बोलून निघून जाईल अशी अपेक्षा ठेवता? पाहुण्याचं नाव हवं होतं, त्याचं मत नको होतं, असाच याचा अर्थ होतो.

आता इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण चर्चेत तो नेहमी सटकतो. स्पर्धेत काय असावं हे निवड समिती ठरवते. त्यातलं उत्तम काय, हे ज्युरी ठरवते. लापिद यांचं बोट खरं तर निवडीकडे होतं. आणि इफ्फीत निवडीचं दुखणं जुनं आहे. २०१७ मध्ये इंडियन पॅनोरमाच्या ज्युरीनं रवी जाधवांचा 'न्यूड' उद्घाटनासाठी निवडला होता. सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम 'एस दुर्गा'ही यादीत होता. त्याच वर्षी रॉटरडॅमला टायगर पारितोषिक मिळवून आलेला. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं दोन्ही नावं काढून टाकली. ज्युरीच्या म्हणण्यानुसार त्यांना विचारलंही नाही. अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, आणखी दोघे बाहेर पडले. 'एस दुर्गा' दाखवा असा केरळ उच्च न्यायालयाचा आदेश आला, तरी तो दाखवला गेला नाही.

म्हणजे २०१७ मध्ये ज्युरीनं निवडलेलं मंत्रालयाला चाललं नाही, आणि २०२२ मध्ये निवडून आलेलं ज्युरीला चाललं नाही. दोन्ही वेळा बोलणी ज्युरीनंच खाल्ली.

आमचं बर्लिनही काही धुतल्या तांदळासारखं नाही. २०२४ मध्ये 'नो अदर लँड'ला माहितीपटाचं पारितोषिक मिळालं, दोन दिग्दर्शक मंचावर बोलले, आणि आपण टाळ्या वाजवल्या त्या त्यातल्या इस्रायली दिग्दर्शकासाठी, असा खुलासा संस्कृतीमंत्र्यांच्या खात्याकडून आला. टाळ्यांची वाटणी! पण याच महोत्सवाचं १९७० सालचं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. मिखाएल फेरहोफेन यांच्या 'ओ. के.'मध्ये अमेरिकन सैनिकांनी एका व्हिएतनामी मुलीवर केलेला अत्याचार आणि तिची हत्या बव्हेरियाच्या जंगलात, बव्हेरियन बोलीत मांडली होती. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स अध्यक्ष असलेल्या ज्युरीतल्या बहुसंख्यांनी निवड समितीला फेरविचार करायला सांगितलं. युगोस्लाव्हियाचे दुशान मकावेयेव यांनी उघड विरोध केला. प्रकरण इतकं चिघळलं की ज्युरीच मोडली आणि त्या वर्षी एकही अस्वल दिलं गेलं नाही. मात्र लोक इथे कुणाच्या देशप्रेमाचा हिशेब मांडत बसले नाहीत, महोत्सवाची रचनाच बदलायला निघाले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, फोरम हा स्पर्धेबाहेरचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तो आजही चालू आहे, आणि माझे निम्मे आवडते सिनेमे मी तिथेच पाहिलेत.

लापिद यांच्यावरही माझा एक आक्षेप आहे. काश्मिरी पंडितांनी जे सोसलं ते खरं आहे. अशा विषयावरच्या सिनेमाला दोन विशेषणं लावून मंच सोडला की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस आमचं दुःखच नाकारतोय. त्यांनी नंतर नातेवाइकांची माफी मागितली, मत मात्र बदललं नाही. ते ठीक. पण कॅमेरा कुठे खोटं बोलतो, कुठला प्रसंग कसा रचलाय, हे तिथेच चार वाक्यांत सांगायला काय हरकत होती? आणि उरलेल्या तिघांनी निवेदन त्याच संध्याकाळी पाचही जणांपुढे ठेवलं असतं, तर कुणाचं मत वैयक्तिक आणि कुणाचं सामूहिक हा घोळ तरी झाला नसता. इथे चर्चसंस्थांची एक्युमेनिकल ज्युरी पारितोषिकासोबत कारणाच्या काही ओळी जाहीर करते. मोठ्या ज्युरींनीही तेवढं करावं. मग आपल्याला निकालाशी भांडता येईल, माणसांशी नाही.

राहता राहिला 'न्यूड'. मुलाला शिकवण्यासाठी कलामहाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. पॅनोरमातून काढल्यावर दोन-तीन महिन्यांत सेन्सॉर बोर्डानं त्याला एकही कट न सुचवता 'ए' प्रमाणपत्र दिलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये तो लागला. त्यातल्या छाया कदम २०२४ मध्ये 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'बरोबर कानला होत्या. त्या सिनेमाला ग्रां प्री मिळालं. 'न्यूड' पाहिला नसेल तर पुढच्या भागाच्या आत जरूर बघून या, त्याच्यावर सविस्तर बोलायचंय.