सोळा पानांची वही

कुलवृत्तांत तयार करणे हा आपल्याकडे पुष्कळांचा निवृत्तीनंतरचा उद्योग असतो. बेंजामिन फ्रँकलिनलाही हा नाद होता. १७५८ साली इंग्लंडमध्ये असताना तो मुलाला घेऊन एक्टन या पूर्वजांच्या खेड्यात गेला. तिथल्या चर्चचे १५५५ पासूनचे दप्तर त्याने चाळले आणि गेल्या पाच पिढ्या आपण धाकट्याचे धाकटे आहोत, असा शोध लावला. १७७१ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतले तेव्हा हे सारे त्याने आरंभीच हौसेने सांगितले. मात्र ज्या बहिणीला त्याने आयुष्यभरात इतर कोणाहीपेक्षा अधिक पत्रे लिहिली, तिचे नाव त्या आत्मचरित्रात कुठेच नाही.

जिल लेपोर या अमेरिकन इतिहासकार बाईंचे ‘बुक ऑफ एजेस’ (२०१३) हे त्या बहिणीचे, जेनचे चरित्र. जेन १७१२ साली बॉस्टनला जन्मली. वडील साबण-मेणबत्त्या करीत. त्यांना दोन बायकांची मिळून सतरा मुले, त्यांतले हे शेंडेफळ. ती चौदा वर्षांची असताना भावाने पत्र धाडले, की तुला चहाचे टेबल पाठविणार होतो, पण नुसत्या देखणेपणापेक्षा गृहकृत्यदक्षता बरी, म्हणून चरखा पाठवीत आहे. त्याच वर्षी, पंधरावे लागल्यावर, एडवर्ड मेकम नावाच्या खोगीर करणाऱ्या गरीब माणसाशी तिचे लग्न झाले. पुढे बारा बाळंतपणे, नवऱ्याची कर्जे, दोन मुलांना वेड. बारांपैकी अकरा मुले तिच्या आधी गेली.

त्या काळी तिथे मुलींना बायबल वाचण्यापुरते वाचायला शिकवीत. लिहायला शिकविण्याची गरज कोणाला वाटत नसे. जेन लिहायला शिकली ती बहुधा या भावामुळेच. तिने कागद दुमडून, शिवून सोळा पानांची एक वही केली आणि तिला वयांचे पुस्तक असे नाव दिले. तीत आपला जन्म, आपले लग्न आणि मग एकेक मूल जन्मल्याची, एकेक गेल्याची तारीख. पहिला मुलगा वर्षभरातच गेला. मधे भाष्य जवळजवळ नाहीच.

लेपोरबाईंची खरी कर्तबगारी अशी, की ही यादी त्यांनी एखाद्या कवितेसारखी वाचली आहे. अक्षराचे वळण, उच्चाराबरहुकूम केलेले लेखन, दोन नोंदींमधले अंतर, यांतून त्या बाई उभी करतात. जेनच्या चुका त्या दुरुस्त करीत नाहीत, हेही योग्यच. वंशावळ शोधणारा माणूस एरवी आडनावाचा धागा धरून चालतो आणि लग्नाच्या नोंदीपाशी बाई त्याच्या हातून निसटते. इथे बाईने स्वतःच केलेली मोजदाद हाच धागा आहे.

तरी पुस्तक निर्दोष नाही. जेनची तरुणपणची पत्रे उरलेली नाहीत. ही पोकळी भरताना लेखिका वारंवार बेंजामिनकडे वळते, आणि पानेच्या पाने आपण पुन्हा त्या थोर पुरुषाचे चरित्र वाचीत राहतो. जेन दाराआड उभी. कादंबरी आणि इतिहास यांच्या नात्यावरची प्रवचने तर निम्मी कापली असती तरी चालले असते. मात्र एक पथ्य बाईंनी पाळले आहे: माहिती नाही तिथे त्यांनी जेनच्या मनात विचार घुसविलेले नाहीत. आपल्याकडच्या चरित्रात्मक कादंबऱ्यांची ज्यांना चटक लागली आहे, त्यांना हे कोरडे वाटेल. मला ते सचोटीचे वाटले.

म्हातारपणची जेन मात्र पत्रांतून स्पष्ट ऐकू येते. १७८६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ती भावाला लिहिते, की अनुकूल परिस्थिती न लाभल्यामुळे किती न्यूटन अज्ञानातच राहून जगाला मुकले असतील. बारा मुलांची आई हे कोणाविषयी बोलत असेल?

पुस्तकाच्या अखेरीस फ्रँकलिन घराण्याची वंशावळ आहे आणि तिच्याजवळच जेनची वेगळी. ही मला फार आवडली. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात मुलीचे नाव, कोणत्या गावी कोणाकडे दिली, एवढे येते आणि ओळ संपते. माझी थोरली आत्या धारवाडला दिली. तिची मुले कन्नडमध्ये शिकली, नातवंडांना मराठी जेमतेम कळते. कुलवृत्तांताच्या हिशेबी ती शाखाच नाही. पण आत्या वही ठेवीत असे. धोब्याच्या हिशेबाखाली बाळंतपणाच्या तारखा लिहिलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. आधी मराठीत, नंतर कन्नडमध्ये.

जेन १७९४ साली वारली. ज्या घरात ती अखेरची वर्षे राहिली ते १९३९ मध्ये पॉल रिव्हिअरच्या स्मारकासाठी पाडले गेले. वही बॉस्टनमधल्या वंशेतिहास जपणाऱ्या संस्थेत आहे. पुस्तक मिटल्यावर मी धारवाडच्या वहिनींना पत्र घातले: आत्याची वही माळ्यावर असेल तर टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन, कन्नड मला वाचता येते. अजून उत्तर नाही.